व्हीनस पत्र्यावर

पत्र्यावर छापलेल्या चित्रांशी माझं खरं तर वैर असायला हवं. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं फ्रेमिंगचं दुकान वडिलांपासूनचं, आणि या चित्रांना ना पट्टी लागत, ना काच, ना माउंट. मागे एक ठोकळा चिकटवलेला असतो, चित्र भिंतीपासून बोटभर पुढे उभं राहतं, की झालं. आमच्या वाट्याला उरतं ड्रिल. तरी मी या ऑर्डरी घेतो आणि बाहेरून छापून आणून देतो. नाही घेतल्या तर गिऱ्हाईक मोबाइलवरून मागवणारच, आणि तिथे त्याला कुणी काही विचारत नाही. मी विचारतो. घरच्यांच्या मते नको इतकं विचारतो.

मध्यंतरी गोत्रीचं एक कुटुंब आलं. नवा फ्लॅट, मुलगा, सून आणि मुलाची आजी. सुनेला हॉलमध्ये बोत्तिचेल्ली या जुन्या इटालियन चित्रकाराची व्हीनस हवी होती, म्हणजे रोमनांची प्रेमदेवता, शिंपल्यावर उभी असलेली. आजींनी मोबाइल हातात घेऊन चष्म्याच्या वरून पाहिलं, मग खालून पाहिलं.

"समुद्रातून आली म्हणतेस? मग आपली लक्ष्मीच की. फक्त आपली नेसून आली."

नातू पट्ट्यांचे नमुने बघण्यात गढून गेला.

"आजी, इटलीत लोक रांगा लावून बघतात हे चित्र."

"बघू देत. सत्यनारायणाला गुरुजी येतील, ते कुठे बघतील?"

या वादात मी पडत नाही. माझा प्रश्न वेगळा होता: चकचकीत की मॅट? आणि पत्रा पांढरा की उघडा?

हे विचारावं लागतं, कारण छपाईची रीतच तशी आहे. चित्र आधी एका खास कागदावर उलटं छापतात. तो कागद कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसला काही मिनिटं दाबतात. त्या उष्णतेत रंग वितळत नाही, त्याचा सरळ वायू होतो आणि तो कोटिंगच्या आत शिरून बसतो. कॉफीच्या मगवर फोटो छापतात तेच तंत्र. यात पांढरी शाई नसतेच. चित्रात जिथे पांढरं असेल तिथे काही छापलंच जात नाही, खालचा पत्रा दिसतो. पत्र्याला पांढरा थर दिलेला असेल तर पांढरं पांढरं राहतं. नुसतं पारदर्शक कोटिंग असेल तर तिथे धातू चमकतो. समुद्राचा फेस चंदेरी झालेला चालेल, एखादा ढगही. पण व्हीनसचं अंग हस्तिदंती आहे. उघड्या पत्र्यावर ती घासून ठेवलेल्या स्टीलच्या घागरीसारखी दिसते, आणि दिवा लावला की आणखीच.

शिवाय हे चित्र १४८५च्या सुमाराचं, टेम्पेरातलं, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगांतलं. तैलरंगांची ओली चकाकी त्यात नाही. चमक हवी तिथे बोत्तिचेल्लीने सोनं वापरलं, तेही हात राखून, केसांच्या बटांमध्ये वगैरे. चकचकीत पत्रा त्याचा हा सगळा हिशेब मोडतो, कारण तो सगळीकडे सारखाच चमकतो. म्हणून व्हीनस घ्यायचीच असेल तर पांढरा थर आणि मॅट. आणि मापही बघून घ्या. मूळ चित्र १७२.५ बाय २७८.५ सेंटिमीटर आहे. बाजारात तयार मिळतो ३६ बाय २४ इंचांचा पत्रा. त्यात बसवायचं तर डावीकडे फुंकर घालणाऱ्या वायुदेवाचे पंख कापले जातात, उजवीकडे झाडं. मूळ चित्राच्या मापाने बघितलं तर रुंदीतले वीसेक सेंटिमीटर गेले.

आमच्याकडे फाइन आर्ट्सची मुलं फ्रेमा करायला येतात. असली छपाई दिसली की त्यांची नाकं मुरडतात. त्यांच्याच गप्पांतून माझं शिक्षण झालंय, त्यामुळे मी त्यांना त्यांचाच मार्कांतोनियो रायमोंदी, सोळाव्या शतकातला इटालियन कोरीवकार, ऐकवतो. त्याच काळातल्या राफाएल या चित्रकाराने ग्रीक कथेतल्या पॅरिस नावाच्या राजपुत्राच्या निवाड्याचं चित्र रेखाटलं, ते रेखाटन आज नाही. उरलं ते मार्कांतोनियोने तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलं म्हणून. म्हणजे तेव्हा पत्र्यावरून कागदावर, आता कागदावरून पत्र्यावर. मधल्या काळात आपल्याकडे दगडावरून कागदावर झालं: रविवर्म्यांनी सयाजीरावांसाठी पुराणातली चित्रं रंगवली आणि १८९४मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. कमळावरची लक्ष्मी घरोघर पोचली ती छापील होऊनच. लोकांनी तिला वरून जर आणि टिकल्याही लावल्या. अशा फ्रेमा अजून दुरुस्तीला येतात, आणि त्या टिकल्या काढायला मी कुणाला सांगत नाही. देवादिकांची चित्रं लोकांच्या घरी जायची तर छापूनच जाणार. छपाईला माझी हरकत नाही, बिनडोक छपाईला आहे.

शेवटी मी त्या कुटुंबाला व्हेनिसचा चित्रकार टिशन याचं 'बॅकस आणि ॲरिॲडनी' दाखवलं. १५२० ते २३ मधलं, फेराराच्या ड्यूकसाठी केलेलं, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत असतं. हे तैलचित्र, त्यामुळे याला चकाकी शोभते. आभाळाचा निळा लाजवर्दी दगडापासून केलेला, आणि चकचकीत पत्र्यावर असा निळा फार सुरेख उठतो. दोन चित्ते जुंपलेल्या रथातून मद्याचा देव बॅकस उडी मारतोय, राजकन्या ॲरिॲडनी दचकून वळलीय, तिला सोडून गेलेल्या थीसियसचं गलबत दूर समुद्रात, आणि डावीकडे वर आभाळात ताऱ्यांचं कडं, तिचा मुकुट. हे चित्र जवळजवळ चौकोनी आहे. ३६ बाय २४ मध्ये घातलं तर वरची बाजू कापली जाते आणि मुकुटावरच घाला येतो. म्हणून २६ बाय २४ असा पत्रा कापून घ्यायला सांगितला. थोडे पैसे जास्त पडतात.

"हा उडी मारतोय तो कोण?" आजींनी विचारलं.

"द्राक्षांचा देव," मी म्हटलं. गुजरातेत त्यापुढे बोलायची सोय नाही. सून मात्र खुदकन हसली.

त्यांच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. तिच्यासमोरच्या भिंतीवर लावायचं नाही असं मी आधीच बजावलंय. चकचकीत पत्र्यात दिवसभर खिडकीच दिसत राहील, आणि रोजच्या उन्हाने रंगही विटतील. सोफ्याच्या मागची भिंत ठरलीय. शनिवारी ड्रिल घेऊन जायचंय.