तासाला दहा टन

अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आईवडिलांचा कार्यक्रम ठरलेला असतो. गोल्डन गेट, योसेमिटी, लिव्हरमोरचं देऊळ, आऊटलेट मॉल आणि उरलेल्या वेळात नातवाला शाळेतून आणणं. आमचंही तेच झालं. सगळं छान होतं, फोटो फेसबुकवर टाकलेत, ज्यांना बघायचे त्यांनी बघून घ्यावेत.

मी नोकरीभर मुंबईच्या गोदीत टॅलीक्लार्क होतो. जहाजातून किती पोती उतरली, किती पेट्या चढल्या, त्यातल्या किती फुटक्या, हे वहीत मांडणारा माणूस. त्यामुळे कुठेही धक्का दिसला की माझे पाय तिकडे वळतात आणि घरच्यांचे चेहरे पडतात. जावयाला हे ठाऊक असल्यामुळे त्याने एका रविवारी स्वतःहूनच सुचवलं, "बाबा, रिचमंडला जाऊ या. तिथे महायुद्धातलं एक मालवाहू जहाज आहे, आणि महिन्यातून एका रविवारी त्यावर पॅनकेकचा नाश्ता देतात." नाश्ता म्हटल्यावर बायकोही तयार झाली.

लेक राहते त्या फ्रीमाँटहून बार्टची, म्हणजे तिथल्या लोकलची, गाडी थेट रिचमंडला जाते. मात्र स्टेशनाबाहेर पडलं की पुढे काय, हे देवालाच ठाऊक. रिक्षा नाही, बसचा पत्ता नाही, रस्त्यावर विचारायला माणूस नाही. एवढा श्रीमंत देश, पण पायी चालणाऱ्याकडे संशयाने बघतो. शेवटी टॅक्सी मागवून आधी महायुद्धाच्या आठवणी जपणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात गेलो. ते खाडीच्या काठावर, फोर्डच्या जुन्या मोटार कारखान्याच्या आवारात आहे. प्रवेश फुकट.

या शहरात हेन्री कायझर नावाच्या कंत्राटदाराने युद्धकाळात ७४७ जहाजं बांधली. त्याआधी त्याने धरणं बांधली होती, जहाज कधी बांधलं नव्हतं. 'रॉबर्ट ई. पिअरी' हे लिबर्टी जातीचं, म्हणजे एकाच साच्यातलं मालवाहू जहाज तर नोव्हेंबर १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत बांधून पाण्यात सोडलं. भिंतीवर वेल्डिंग करणाऱ्या बायकांचे मोठमोठे फोटो आहेत. हिरव्या-करड्या गणवेशातली एक रेंजर बाई लोकांना हे सगळं समजावून सांगत होती. पिअरीचा विक्रम मुख्यतः प्रसिद्धीसाठी होता, मोठमोठे भाग आधीच तयार करून ठेवले होते, हे तिने आपणहून सांगितलं. मला ते आवडलं. आमच्याकडे गाईडने असं काही कबूल केलं तर त्याची नोकरी जाईल.

मी तिला विचारलं, "इतक्या झपाट्याने जहाजं बांधलीत, मग ती भरत कोण होतं?" गोदीतल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार. जहाज बांधणाऱ्याचा फोटो निघतो, भरणाऱ्याचा निघत नाही.

बाईने गर्दी सोडली, मला बाजूला घेतलं आणि पोर्ट शिकागोची गोष्ट सांगितली.

पोर्ट शिकागो हे याच खाडीच्या आतल्या अंगाला नौदलाचं दारूगोळा चढवण्याचं ठिकाण होतं. नाव शिकागो असलं तरी ते कॅलिफोर्नियातच. बॉम्ब आणि तोफगोळे आगगाडीच्या वाघिणींतून धक्क्यावर यायचे आणि नौसैनिक ते जहाजात चढवायचे. हे भरणारे सगळे काळे, त्यांच्यावरचे अधिकारी सगळे गोरे. स्फोटकं कशी हाताळायची याचं शिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं. बॉम्बमध्ये फ्यूज नाही, तो फुटणं शक्यच नाही, असं सांगून वेळ मारून नेलेली. दर हॅचमागे, म्हणजे जहाजाच्या पोटात माल उतरवायच्या प्रत्येक तोंडामागे, तासाला दहा टन भरण्याचं लक्ष्य होतं. कोणत्या तुकडीने किती भरलं ते फळ्यावर लिहायचे आणि त्यावर अधिकारी आपसात पैजा लावायचे.

इथे मी बाईला थांबवलं. तासाला टन मोजणं हीच माझी भाकरी होती. माल उचलायचं विंच सुरळीत असेल, माल पोत्यातला असेल, गँग जुनी असेल, तरी हॅचमध्ये कामाची लय बसायला वेळ लागतो. रसायनाचा एखादा पिंप आला तरी आमचे गँगवाले हात आखडता घ्यायचे आणि मुकादमही काही बोलायचा नाही. आणि इथे बॉम्ब चढवताना शर्यत! तिने मान हलवली आणि म्हणाली, "तुम्ही पुढचं ऐका."

१७ जुलै १९४४, रात्रीचे १०:१८. धक्क्याला 'ई. ए. ब्रायन' हे अर्धवट भरलेलं जहाज लागलेलं, पलीकडे 'क्विनॉल्ट व्हिक्टरी' भरायला सज्ज. सगळं उडालं. ब्रायनचा ओळखू येईल असा तुकडा जवळपास उरला नाही. ३२० माणसं गेली, त्यातली २०२ काळी. ठिणगी कशाची, ते कधीच ठरलं नाही, कारण सांगायला धक्क्यावर कुणी वाचलंच नव्हतं.

वाचलेल्या काळ्या खलाशांनी भावाबंदांचे तुकडे गोळा केले. गोऱ्या अधिकाऱ्यांना घरी जायला रजा मिळाली, यांना नाही. महिना होतो न होतो तोच त्यांना व्हॅलेहो इथे पुन्हा दारूगोळा भरायला उभं केलं. २५८ जणांनी नकार दिला. गोळ्या घालू, अशी धमकी मिळाल्यावर बरेचसे वळले, पण ५० जणांवर बंडाचा खटला भरला. ८० मिनिटांच्या विचारविनिमयात पन्नासही दोषी ठरले. शिक्षा ८ ते १५ वर्षांची. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झालेले थर्गुड मार्शल त्या खटल्याला जातीने हजर होते. बहुतेकांना १९४६ मध्ये सोडलं, त्याच वर्षी नौदलाने वर्णभेदाची वेगळी चूलही मोडली, पण कपाळावरचा बंडखोराचा शिक्का तसाच राहिला. तो नौदलाने पुसला १७ जुलै २०२४ ला. बरोबर ८० वर्षांनी. पन्नासांतलं तेव्हा कुणी हयात नव्हतं.

मी म्हटलं, "आमच्याकडेही असाच स्फोट १९४४ मध्येच झाला. तुमच्या आधी तीन महिने."

तिला ते माहीत होतं! जहाजाचं नाव तिने 'फोर्ट स्टिकीन' असं अगदी बरोबर घेतलं. मला फार बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, कारण गोदीत काम करणाऱ्या आमच्या निम्म्या पोरांना ते नाव सांगता येणार नाही. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक, दुपारी चारच्या सुमाराला. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच्या सोबतीला कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटा. असं कडबोळं कोणत्या शहाण्याने एका जहाजात भरलं, हा प्रश्न मी नोकरीत असताना जुन्या लोकांना विचारायचो आणि ते नुसते हसायचे. माझी आजी तेव्हा डोंगरीला राहायची. तिच्या सांगण्यात सोनं नसायचं. "आभाळातून पेटता कापूस पडत होता," एवढंच ती म्हणायची.

तिथून जहाजावर गेलो. 'रेड ओक व्हिक्टरी' हे रिचमंडमध्येच बांधलेलं, नोव्हेंबर १९४४ मध्ये पाण्यात उतरलेलं आणि पॅसिफिकमध्ये नौदलाला दारूगोळा पोचवणारं जहाज. आता स्वयंसेवक ते जपतात. पॅनकेकबद्दल बायकोचं मत असं की आपली घावनं बरी. मी मात्र दोन खाऊन डेकवर सटकलो.

डेकवर ग्रीसने माखलेल्या डगल्यातला एक म्हातारा विंचला तेल घालत होता. व्हिएतनामच्या काळात नौदलात होता, आता आठवड्यातून एकदा इथे येतो. मी गोदीतला आहे म्हटल्यावर त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. या जहाजावर दोन डेरिकच्या, म्हणजे माल उचलायच्या दांड्यांच्या, तारा एकाच आकड्याला बांधतात. एक विंचवाला ओढतो, दुसरा सोडतो, आणि माल धक्क्यावरून उचलून हॅचमध्ये उतरतो. दोघांच्या हातांचं जुळलं नाही तर तार तुटते. मी सवयीने हॅचच्या कडेला गेलो, बोट खाली केलं आणि मनगट फिरवलं. आमच्याकडे सिग्नलमन असंच करतो, म्हणजे 'उतरव'. म्हातारा विंचच्या खटक्यावर हात ठेवून उभा राहिला आणि नसलेला माल त्याने सावकाश उतरवला. मी मूठ बंद केली. तो थांबला. जावई हे मोबाईलवर टिपत होता, ते मला नंतर कळलं.

मग आम्ही हॅचच्या कठड्याशी उभे राहून बोललो. पोर्ट शिकागोबद्दल नौदलात असताना त्याला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. महायुद्धात व्यापारी जहाजांवर असलेल्या खलाशांना माजी सैनिकांचा दर्जा १९८८ मध्ये मिळाला, यावरही तो बराच वेळ तणतणला. "टॉर्पेडो काय गणवेश बघून लागतो?" असं म्हणाला. मग त्याने विचारलं, "तुमच्या स्फोटात किती गेले?"

मी म्हटलं, "आठशे ते तेराशे."

"म्हणजे नक्की किती?"

आयुष्यभर पेट्या मोजलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला जावा! आगीच्या बंबावरचे ६६ जवान गेले, त्यांचा आकडा पक्का आहे. १४ एप्रिलला देशभर त्यांना मानवंदना देतात, आणि ती दिलीच पाहिजे. पण धक्क्यावरचे हमाल, रोजंदारीवर आलेली माणसं, शेजारच्या चाळींतली कुटुंबं? त्या दिवशीच्या हजेरीला सगळी नावं होती का, हजेरी घेणारा तरी उरला का? मी त्याला म्हटलं, "रोजंदारीचा माणूस आमच्याकडे हजेरीपुरता असतो." त्याला ते कितपत कळलं कोण जाणे. पोर्ट शिकागोच्या स्मारकावर सगळीच्या सगळी ३२० नावं कोरलेली आहेत, असं तो म्हणाला. बढाई मारत नव्हता. नुसतं सांगत होता.

अर्थात ते स्मारक मला बघायचं होतं. तर ते म्हणे सैन्याच्या चालू तळाच्या आत आहे, अजूनही तिथून दारूगोळा जातो. किमान दोन आठवडे आधी नोंदणी, ओळखपत्रांची तपासणी, आणि मग उद्यानवाले गाडीतून नेतात. आमचं परतीचं विमान त्याच्या आतच होतं. गाडीत बसल्यावर जावई म्हणाला, "पुढच्या वेळी याल तेव्हा आधीच फॉर्म भरून ठेवतो." बायको म्हणाली, "पुढच्या वेळी नायगारा." नायगाऱ्याला कोणती गोदी आहे, ते मी आता शोधतो आहे.