कोर्लेओनेकर

सिसिलीतल्या सांता तेरेसा दी रीवाच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा फलाटावर आमच्याखेरीज एक कुत्रा होता. मेसिना आणि कातानियामधली ही रेल्वे आयोनियन समुद्राला अगदी खेटून धावते आणि रुळांच्या दुसऱ्या बाजूला डोंगर चढायला लागतो. त्या डोंगरावर, साधारण ३०० मीटर उंचीवर, सावोका नावाचं गाव. वर जाणारी बस नुकतीच गेली होती. पुढची कधी ते वेळापत्रकात होतं, पण वेळापत्रक आणि बस यांचं आपसात फारसं बोलणं नसावं. एसटीवर वाढलेल्या माणसांना याचं काही वाटत नाही. बायकोने पिशवीतून चिवडा काढला आणि बाकावर बैठक मारली.

"वर नक्की काय बघायचंय?"

"एक बार. आणि एक चर्च."

"खाली नाहीत?"

खाली दोन्ही होती. पण त्यांच्यात 'द गॉडफादर' या माफियांवरच्या सिनेमाचं शूटिंग झालेलं नव्हतं.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो सांगलीत, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. आता सगळ्यांना ठाऊक आहे की या सिनेमात अंधाराला फार महत्त्व आहे, डॉन बसतो ती खोली मुद्दाम काळोखी ठेवली आहे वगैरे. आमच्यापर्यंत आलेली कॅसेट इतक्या घरांत फिरली होती की त्या काळोखात नुसते आवाज ऐकू यायचे. कोण कोणाला मारतंय हे आम्ही एकमेकांना विचारायचो. मग डॉनचा मुलगा मायकेल लपायला सिसिलीत जायचा आणि एकदम पडदा उघडल्यासारखं ऊन पडायचं. दगडी भिंती, बोळ, धूळ, बारच्या बाहेर टाकलेल्या खुर्च्या. त्यामुळे माझ्यापुरता 'गॉडफादर' म्हणजे ती सिसिलीतली वीसेक मिनिटं. बाकीचा सिनेमा मी फार नंतर पाहिला आणि तो बराच मोठा निघाला.

सिनेमातलं गाव कोर्लेओने. ते खरंच आहे, पण बेटाच्या पार पश्चिमेकडे, पालेर्मोच्या बाजूला. १९७१ साली शूटिंगची वेळ आली तोवर खरं कोर्लेओने पुरेसं जुनं राहिलं नव्हतं. चाळीसच्या दशकातलं गाव दाखवायला ते फारच सुधारलेलं. मग दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी ते काम पूर्वेकडच्या सावोका आणि शेजारच्या फोर्त्सा दाग्रो या गावांना दिलं. म्हणजे नाव एकाचं, तोंड दुसऱ्याचं.

"म्हणजे आपण डमी बघायला आलोय," बायको म्हणाली.

तिला हे बोलायचा अधिकार आहे. तिचं माहेर वाई. वाई आणि आसपासच्या गावांनी सिनेमात इतक्यांदा दुसऱ्या गावांची कामं केली आहेत की त्यांना पेन्शन सुरू व्हायला हवी. मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये, म्हणजे २००४ साली, उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाला. कृष्णामाईला कोणी विचारलंसुद्धा नाही. बायकोचे मामा शूटिंग बघायला सायकल मारत गेले होते. एवढ्या मोठ्या नटाबद्दल त्यांचं मत विचारलं की ते आजही एकच सांगतात, "दहा पावलं चालायला त्यांना दुपार लागली."

शेवटी बस आली. वळणं घेत वर चढली आणि तिने आम्हाला थेट बारसमोरच सोडलं. बार वितेल्ली. अठराव्या शतकातल्या पालात्सो त्रिमार्की या वाड्याच्या तळमजल्यावर. दगडी भिंत, वर पसरलेला वेल, बाहेर खुर्च्या. आणि माझ्या डोक्यात जो होता त्याच्या निम्म्या आकाराचा चौक. सिनेमातली जागा प्रत्यक्षात कायम लहान निघते. लहानपणीच्या शाळेसारखी.

लिंबाची ग्रानिता मागवली. ग्रानिता म्हणजे बर्फाच्या गोळ्याने नीट शिक्षण घेतलं असतं तर तो जसा झाला असता, तशी.

याच खुर्च्यांवर तो प्रसंग घडतो. मायकेलला वाटेत एक मुलगी दिसलेली असते आणि त्याच्यावर वीज कोसळलेली असते. इटालियनमध्ये पहिल्या नजरेतल्या प्रेमाला विजेचा तडाखाच म्हणतात. आपल्याकडे वीज पडली की तलाठी पंचनाम्याला येतो. तर मायकेल आणि त्याचे दोन रखवालदार इथे बसून बारवाल्याला त्या मुलीचं वर्णन सांगतात आणि बारवाला भडकतो, कारण ती त्याचीच मुलगी. मायकेल पळत नाही. माफी मागतो, आपलं नाव सांगतो आणि मुलीला भेटायची रीतसर परवानगी मागतो. बाप जरा विचार करून म्हणतो, रविवारी घरी या.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला घरचं वाटलं होतं. इतकी माणसं मारलेल्या सिनेमात मध्येच चक्क कांदेपोहे! पुढे ती दोघं फिरायला निघतात तेव्हा मागून घरातल्या बायकांचा तांडा चालत येतो. आमच्या वेळी गणपतीच्या देवळापर्यंत चालायला फक्त तिची धाकटी बहीण बरोबर होती, एवढाच काय तो फरक.

त्या बापाचं काम करणारे सारो उर्झी कातानियाचे, म्हणजे याच किनाऱ्याचे. पण खरी गंमत मायकेल झालेल्या अल पचिनोची. त्यांच्या आईचे आईवडील मूळचे कोर्लेओनेचे. खऱ्या कोर्लेओनेचे! म्हणजे आजोळ कोर्लेओने असलेला माणूस नकली कोर्लेओनेत येऊन, कोर्लेओने आडनाव लावून, आपण परके असल्याचं नाटक करत बसला होता.

आडनावाचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या भागात कळतं की या घराण्याचं मूळ आडनाव अँडोलिनी. पोरका व्हितो, म्हणजे पुढे डॉन होणारा मायकेलचा बाप, न्यूयॉर्कच्या बंदरात उतरतो आणि तिथला कारकून गावाचं नावच आडनाव म्हणून लिहून टाकतो. सगळं जग याला दैवाचा खेळ म्हणतं. मला त्यात काहीच विशेष दिसत नाही. गाव सोडलं की गावाच्या नावाला 'कर' लावायचा, ही तर आपली जुनी सोय. व्हितो कोर्लेओनेकर. मुंबईच्या कुठल्याही सरकारी कचेरीत खपून गेला असता.

चर्च चौकापासून थोडं चढून जावं लागतं. सान निकोलो, त्याला सांता लुचियाही म्हणतात. कड्याच्या टोकाला उभं, खाली दरी, दरीपलीकडे समुद्र. मायकेलचं लग्न इथलं, आणि वरात इथून निघून खाली बारसमोरच्या चौकात नाचायला येते. आम्ही त्याच वाटेने उतरलो. चर्चची घंटा वाजली आणि बायको थबकली. "मेणवलीसारखी," म्हणाली. ते तसं खरंच आहे. मेणवलीच्या घाटावर टांगलेली घंटा मुळात चर्चची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर मराठ्यांनी आणलेली, अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी. तीही गेली दोनशेहून जास्त वर्षं देवळाच्या घंटेचं काम निमूटपणे करते आहे. बोळातून उतरताना बायकोने पुन्हा डमी हा शब्द काढला नाही.

खऱ्या कोर्लेओनेला मात्र या व्यवहारात फार काही मिळालं नसावं. तिथून खरोखरचे माफिया निघाले, तोतो रीना आणि बेर्नार्दो प्रोवेन्झानो, आणि वरून सिनेमाने ते नाव जगभर नेलं. बदनामी तिकडे, ग्रानिताची विक्री इकडे.

चौकात स्टीलच्या पत्र्यातून कापलेले कोपोला कॅमेऱ्याला डोळा लावून उभे आहेत. त्यांच्यासमोर फोटो काढून घेणाऱ्यांची रांग होती. आम्हीही लागलो. बायकोने पदर सारखा केला. पत्र्याच्या दिग्दर्शकासमोर कशाला, हे मी विचारलं नाही.

परतीच्या बसची वाट बघत भिंतीच्या सावलीत थांबलो. शेजारी एक म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी बायकोला विचारलं, कुठून आलात? एवढं इटालियन तिला येत होतं. इंडिया म्हणाली असती तर काम झालं असतं. पण ती आपली नेहमीच्या सवयीने म्हणाली, "वाई."

बाबांचा चेहरा उजळला. "आवाई!" त्यांनी दोन्ही हात हवेत हलवून लाटा केल्या, कमरेतून जरासे डुलले आणि म्हणाले, "आलोहा!"

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. तिने माझा हात दाबला, बाबांकडे बघून मान डोलावली आणि म्हणाली, "सी, सी. आलोहा."