दोन मैलांचा पिक्चर

२०१३ चा एप्रिल. भारतीय सिनेमाला शंभर वर्षं होणार म्हणून तेव्हा ज्याचं त्याचं जुन्या सिनेमावरचं प्रेम उतू चाललं होतं, आणि आम्ही ज्या चॅनेलसाठी काम करत होतो त्यांनाही ३ मेच्या आत एक क्विझ हवं होतं, जुन्या सिनेमा-सिरियलींच्या पडद्यामागच्या गमतीजमती वगैरे. मी रिसर्चला. रिसर्च म्हणजे प्रश्न काढायचे, चार ऑप्शन लावायचे, क्यू कार्डं छापून आणायची आणि रेकॉर्डिंगला पीसीआरमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, मागच्या खुर्चीवर बसून राहायचं. माझं नाव क्रेडिटमध्ये इतक्या झपकन वर जातं की आईला पॉज करून दाखवावं लागतं.

दोनशे प्रश्न काढले होते. रामायणचं शूटिंग कुठे झालं (उंबरगाव), महाभारतातल्या 'समय'चा आवाज कोणाचा (हरीश भिमाणी), आलम आराचं बरंचसं शूटिंग रात्री का करायला लागलं (शेजारून रेल्वे जायची आणि दिवसभर आवाज), असलं सगळं. मला वाटत होतं माझं काम एकदम चोख आहे.

तिसऱ्या एपिसोडला एक काका होते. मिरजेकडचे. पस्तीस वर्षं थिएटरात ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि मेकअपवाल्या पोराने पावडर लावायला घेतली तर म्हणे राहू दे रे, घाम येतो मला. ऑडिशनला भारी बोलले होते म्हणून घेतलेलं, पण फ्लोअरवर लाइट लागले आणि गप्पच झाले. पहिल्या राउंडला बझरवर हातच जाईना त्यांचा. आमचे प्रोड्युसर सर टॉकबॅकवर कुरकुरायला लागले की हे बाबा आता एपिसोड झोपवणार.

दुसऱ्या राउंडला त्यांच्या वाट्याला आला प्रश्न सतरा. अँकरने कार्ड वाचलं, "दादासाहेब फाळक्यांच्या जाहिरातीत म्हटलं होतं, सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, आणि तोही फक्त तीन आण्यात! तर सांगा काका, राजा हरिश्चंद्रची फिल्म किती लांब होती? अर्धा मैल, पाऊण मैल, दीड मैल की दोन मैल?"

काकांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. आम्हाला वाटलं नामस्मरण चाललंय. मग म्हणाले, "पाऊण. पाऊणला जरा कमीच."

"ओह, काका! उत्तर आहे दोन मैल!" अँकरने अगदी दुःखी तोंड केलं, तिला ते छान जमतं.

"नाही," काका म्हणाले.

म्हणजे वाद नाही, आवाज चढवणं नाही, नुसतं नाही. फ्लोअरवर एकदम शांतता. क्विझमध्ये हरलेला माणूस हसतो किंवा कपाळावर हात मारतो, नाही म्हणत नाही कोणी. अँकर इअरपीसला हात लावून आमच्याकडून काहीतरी यायची वाट बघत होती आणि आमच्याकडे काहीच नव्हतं.

"अवो ताई, एका फुटात सोळा फोटो बसतात. पस्तीस एमएमची फिल्म आहे ना? मग सोळाच. तुमीच म्हणताय सत्तावन्न हजार फोटो. सोळा साडेतीन छप्पन्न. म्हणजे साडेतीन हजार फुटाच्या जरासं वर झालं. आणि दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट. कुठनं आणायची एवढी फिल्म?" मग थोडं थांबून, "औटकी येत नाही का कुणाला हितं?"

येत नव्हती. एवढ्या मोठ्या फ्लोअरवर कोणालाच साडेतीनचा पाढा येत नव्हता. कॅमेरा दोनवाला मोबाइल काढून गुणाकार करायला लागला आणि त्याने कॅमेऱ्यामागूनच अंगठा वर केला.

सर ओरडले, कट. मग माझ्याकडे वळून एकच शब्द, "सोर्स?"

मी लॅपटॉप उघडला. सोर्स होता की. ती जाहिरात खरीच आहे, तिच्यात सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांब चित्र आणि तीन आणे असं तिन्ही आहे. फक्त ती जाहिरात आहे, आणि मी ती सर्व्हे ऑफ इंडियाचं मोजमाप असल्यासारखी उचलली होती. प्रश्नात 'जाहिरातीत किती लांब म्हटलं होतं' असं विचारलं असतं तर विषयच नव्हता. मी विचारलं किती लांब 'होती'. पण खरी लाज पुढे आहे. त्याच एक्सेलमध्ये खाली चौसष्ट नंबरला माझाच प्रश्न होता, राजा हरिश्चंद्र किती रिळांचा होता, उत्तर चार, आणि शेजारच्या रकान्यात मीच टाइप केलेलं, ३७०० फूट. ३७०० फूट म्हणजे ०.७ मैल. काका म्हणाले तसं, पाऊणला जरा कमी. दोन्ही ओळी माझ्याच हातच्या, मधे सत्तेचाळीस रांगांचं अंतर, आणि एकदाही त्यांची गाठ घालून दिली नाही मी.

रेकॉर्डिंग पाऊण तास थांबलं (हो, पाऊणच). सर मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. काकांना मार्क द्यायचे ठरलं, प्रश्न नीट करून परत शूट करायचा ठरलं, आणि मला सांगितलं की उरलेली कार्डं आत्ताच्या आत्ता परत तपास. मी ग्रीन रूममध्ये कार्डांचा गठ्ठा घेऊन बसले, काका तिथेच वडापाव खात होते, म्हटलं काका बघता का जरा.

मग एकेक कार्ड त्यांच्यासमोर. शोले ७० एमएमवर शूट झाला, बरोबर की चूक? मी 'बरोबर' लिहिलेलं. काका म्हणाले, "शूट पस्तीसवरच, नंतर मोठा केला. आमच्याकडं तर पस्तीसचीच प्रिंट, मोठ्या थिएटराला फक्त सत्तरची." तपासलं, बरोबर होतं त्यांचं, निगेटिव्ह (कॅमेऱ्यातली मूळ फिल्म, जिच्यावरून थिएटरच्या प्रिंटा काढतात) ३५ चीच, ७० च्या प्रिंटा लंडनला ब्लो-अप करून आणलेल्या. कार्ड फाडलं. राजा हरिश्चंद्रची किती रिळं आज शिल्लक आहेत, या प्रश्नावर काकांना काही माहीत नव्हतं, पण आता मलाच धीर होईना, कारण पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये पहिलं आणि शेवटचं रीळ आहे हे खरं असलं तरी ती १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ ला परत केलेल्या हरिश्चंद्राची आहेत असं म्हणणारे अभ्यासक आहेत. तेही कार्ड फाडलं. रामायणच्या कार्डावर काकांची तक्रार वेगळीच होती, "सत्त्याऐंशी सालची ना ही? रविवारी सकाळच्या खेळाला कुत्रं फिरकायचं नाही. मी मशीन चालू करून रिकाम्या खुर्च्यांना पिक्चर दाखवलाय." आणि 'राम आणि सीता दोन्ही भूमिका एकाच नटाने कोणत्या चित्रपटात केल्या' (लंकादहन, १९१७, अण्णा साळुंके, तेच तारामती झालेले) यावर नुसते खूश झाले. म्हणे, हॉटेलात काम करणारा माणूस ना तो, नशीब बघा.

शेवटी उरला सरस्वतीबाईंचा प्रश्न. फाळक्यांच्या पत्नी राजा हरिश्चंद्रच्या वेळी रात्री अंधाऱ्या खोलीत काय काम करायच्या? कोरी फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची, तिला कडेने भोकं पाडायच्या, लंडनहून आणलेल्या मशीनवर. दिवसभर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करून वर हे. मी हे कार्ड 'सोपे' या गठ्ठ्यात ठेवलं होतं.

काकांनी वडापावचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग हवेत बोटाने एक चौकोन काढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टिंबं टिंबं. "एका फोटोला ह्या कडेला चार, त्या कडेला चार. आठ. फुटाला सोळा आठं एकशे अठ्ठावीस." परत डोळे मिटले. बाहेरून फ्लोअर मॅनेजर हाक मारत होता, काका चला, काका जागचे हलेनात. "सदतीसशे म्हणालीस ना तू? पावणेपाच लाख होतात बघ." मग म्हणाले, "एक भोक फाटलं ना, तर पिक्चर पडद्यावर उडी मारतो. पब्लिक शिट्ट्या मारतं, शिव्या आम्हाला. आणि ही बाई अंधारात..." वाक्य सोडूनच दिलं आणि फ्लोअरवर गेले.

काका जिंकले नाहीत. नट्यांच्या राउंडला साफ उताणे पडले, पडद्याकडे बघायला वेळ कुठे होता म्हणे, आम्ही रिळ बदलायची खूण बघत बसायचो. तिसरे आले, मिक्सर मिळाला, तो रात्रीच्या एसटीत मांडीवर घेऊन गेले. प्रश्न सतरा टीव्हीवर गेला तेव्हा सगळं गुळगुळीत, ते 'नाही' एडिटमध्ये उडवलेलं.

रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला माझा मोबाइल वाजला होता. नंबर त्यांनी मेकअपवाल्या पोराकडून घेतला होता. हॅलो नाही, काही नाही.

"ताई, काल हिशोब चुकला माझा. मी नुसती प्रिंट धरली. निगेटिव्हलापण पाडली असणार ना भोकं तिनं? साडेनऊ लाख धर."