फेसावर विसंबू नये: बॅसिलस सबटिलिसच्या सर्फॅक्टिनची पुढची नोंद

बॅसिलस सबटिलिस हा मातीतील जिवाणू सर्फॅक्टिन हे पाण्याचा पृष्ठताण उतरवणारे द्रव्य बनवतो, आणि ते तयार झाले की नाही हे मी घरीच तपासतो आहे. मागील नोंदीनंतर संवर्धन (माध्यमात वाढवलेले जिवाणू) एकाच वसाहतीवर आणले आहे. ही वसाहत कृषी सेवा केंद्रात जैविक बुरशीनाशक म्हणून मिळणाऱ्या बॅसिलस सबटिलिसच्या भुकटीतून अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीवर) रेघा ओढून वेगळी केली. भुकटी सरळ माध्यमात टाकली तर तिच्यातील टाल्क आणि इतर मिश्रणद्रव्येही सोबत येतात, आणि मग पृष्ठताण नेमका कशामुळे उतरला हे सांगता येत नाही. वाळलेल्या गवताचा काढा उकळून त्यात तगलेले बीजाणू वाढवण्याची जुनी पद्धत मलाही आवडते. जीवशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ साली या जिवाणूचे उष्णतेला दाद न देणारे बीजाणू दाखवले ते अशाच काढ्यांत. मात्र त्याच उकळीतून अन्नविषबाधा करणारा बॅसिलस सिरियसही सुखरूप बाहेर पडतो, म्हणून घरगुती कामासाठी मी भुकटीच पसंत करतो.

माध्यम लँडी या संशोधकांच्या कृतीच्या धर्तीवर ठेवले आहे: लिटरमागे २० ग्रॅम ग्लुकोज, नायट्रोजनसाठी ग्लुटामेट आणि थोडे क्षार. पेप्टोन मुद्दाम टाळले, कारण प्रथिनांचे तुकडे स्वतःच पृष्ठताण काही अंशी उतरवतात. याच कारणामुळे फेसाला पुरावा मानू नये असे माझे ठाम मत आहे. बाटली हलवली की दाट फेस येतो आणि आपण खूश होतो, परंतु फेस टिकवण्याचे काम प्रथिनेही करतात, आणि मेलेल्या पेशींतून ती भरपूर सुटतात.

त्यापेक्षा थेंब पाहावा. पॉलिस्टायरीनच्या पेट्री डिशचे झाकण कोरडे आणि स्वच्छ घेऊन त्यावर गाळलेल्या संवर्धनाचा एक थेंब, शेजारी जिवाणू न घातलेल्या माध्यमाचा एक आणि साध्या पाण्याचा एक असे तिन्ही ठेवले, आणि झाकण डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने पाहिले. पाणी आणि कोरे माध्यम यांचे थेंब फुगीर, ठसठशीत कडेचे राहिले. संवर्धनाचा थेंब मात्र टेकताच पसरला आणि त्याची कड जवळजवळ दिसेनाशी झाली. एकाच ड्रॉपरने ठरावीक आकारमानातून पडणारे थेंब मोजले तर अंदाजे आकडाही हाती येतो, कारण थेंबाचे वजन स्थूलमानाने पृष्ठताणाच्या प्रमाणात असते: ताण निम्म्यावर आला की थेंब साधारण दुप्पट पडतात.

खरी मजा विरलनात आहे. दहापट पाणी घातल्यावरही थेंब सपाटच राहिला, शंभरपटीला तो पुन्हा फुगला. शुद्ध सर्फॅक्टिन लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम इतकेच असले तरी पाण्याचा ताण ७२ वरून जवळजवळ २७ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरवते. त्यापुढे कितीही वाढवले तरी ताण उतरत नाही, कारण जादा रेणू पाण्याच्या पृष्ठभागी न जाता आतच पुंजके करून राहतात. म्हणूनच पातळ न करता केलेल्या मोजणीतून द्रव्य आहे की नाही एवढेच कळते. किती आहे याचा अंदाज विरलनच देते. तुलनेसाठी, शांपूतील सोडियम लॉरिल सल्फेटला पुंजके होऊ लागण्याची त्याची मर्यादा गाठायला लिटरमागे दोन ग्रॅमहून अधिक लागते.

एवढ्या ताकदीचे कारण रेणूच्या घडणीत आहे. सात अमिनो आम्लांचे कडे आणि त्याला जोडलेली १३ ते १५ कार्बनची मेदाम्लाची साखळी अशी ही रचना आहे. कड्यातील ग्लुटामिक व ॲस्पार्टिक आम्लांचे ऋणभारित गट पाण्यात राहतात, तर साखळी पाण्यापासून दूर हवेकडे वळते. जपानमध्ये अरिमा आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली या द्रव्याचे वर्णन केले तेव्हा त्यांचे लक्ष रक्त गोठण्याला होणाऱ्या अटकावाकडे होते.

सुरुवातीच्या, नुकत्याच गढूळ झालेल्या नमुन्यांत थेंब पसरत नाही, आणि ते अपेक्षितच आहे. पेशी कॉमएक्स नावाचा छोटा पेप्टाइड बाहेर सोडतात. गर्दी वाढून तो पुरेसा साचला की एसआरएफए हा सर्फॅक्टिन बनवणारा जनुकसमूह जोमाने चालू होतो. बाहेरचा डीएनए आत घेण्याची क्षमता देणारे कॉमएस हे जनुक याच समूहाच्या पोटात दडलेले आहे, ही जोडणी मला फार विलक्षण वाटते. मातीत याचा उपयोग उघड आहे: मुळांवरील किंवा कणांवरील पाण्याच्या पातळ थरातून टोळीने सरकायचे तर ताण आधी उतरवावा लागतो. जंगली वाणांची ही टोळीने पसरण्याची चाल सर्फॅक्टिन नसेल तर मंदावते. प्रयोगशाळांतील सुप्रसिद्ध १६८ या वाणात एसएफपी जनुक बिघडलेले असल्याने तो सर्फॅक्टिन बनवतच नाही, त्यामुळे कोणी तो वाण देऊ केला तरी या कामासाठी घेऊ नये.

पुढचा टप्पा द्रव्य वेगळे करण्याचा आहे. आम्ल घालून सामू (पीएच) २ वर आणला की सर्फॅक्टिन गाळासारखे खाली बसते आणि सौम्य अल्कलीत पुन्हा विरघळते. त्याआधी फेस मात्र गोळा करणार आहे, कारण पुरावा म्हणून तो कच्चा असला तरी सर्फॅक्टिन त्याच्यात एकवटते. कूपर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये फेस सतत काढून घेऊन उत्पादन वाढवले होते. वापरलेले सर्व संवर्धन नेहमीप्रमाणे वेगळ्या ठेवलेल्या प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर शिजवूनच टाकले जाईल.