'पुणे' शोधलं की 'पण' सापडायचं

आमच्या कागदपत्रांच्या शोधात 'पुणे' टाकलं की जवळजवळ प्रत्येक कागद निकालात यायला लागला होता. ठळक केलेला शब्द पाहिला तर तो 'पण'! 'मूल', 'मेल', 'मैल' टाकून पाहिले. तिन्हींचे निकाल तंतोतंत एक. उकार-मात्रा गायब, काना-वेलांटी शाबूत.

एवढ्यावरून रोग ओळखता येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकावर साठवायच्या मानकात, उकार, एक किंवा दोन मात्रा, अनुस्वार, हलन्त ही 'नॉनस्पेसिंग मार्क', म्हणजे स्वतःची वेगळी जागा न घेणारी चिन्हं, धरली आहेत. काना आणि वेलांटी 'स्पेसिंग मार्क'. फ्रेंच 'कॅफे'च्या शेवटच्या अक्षरावरची तिरकी रेघ काढायला सर्रास वापरतात ती युक्ती, म्हणजे अक्षर फोडा आणि नॉनस्पेसिंग चिन्हं फेकून द्या, देवनागरीवर चालवली की 'पुणे'चं 'पण' होतं. आम्ही वापरतो त्या मुक्त-स्रोत लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) हे कधी शिरलं, ते शोधायचं होतं.

गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल 'कमिट' म्हणून नोंदवून ठेवणारी प्रणाली, आणि बिघाड कुठल्या कमिटने आणला ते शोधायला तिच्यातल्या बायसेक्टसारखं दुसरं हत्यार नाही. जुनी आवृत्ती 'गुड', नवी 'बॅड', आणि दोन शब्द वेगळे राहतात का एवढंच तपासणारी चार ओळींची स्क्रिप्ट 'बायसेक्ट रन'च्या हवाली केली. दर फेरीला निम्मे कमिट बाद होतात, त्यामुळे हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत निकाल लागतो. लागलाही. 'टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) सुधारणा' अशा नावाचा एकच अगडबंब कमिट, कितीतरी फाइलींना हात लावलेला. पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) विलीन करताना सगळे कमिट स्क्वॅश केलेले, म्हणजे दाबून एकच केलेले, आणि संदेशात फक्त शीर्षक ठेवलेलं. कोणती ओळ कुठल्या कमिटमधून आली ते सांगणारं गिट ब्लेमही तिथेच येऊन थांबत होतं.

मला या सवयीचा मनापासून राग आहे. लिनक्सकर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठी. त्या कर्नलमध्ये एका पॅचमध्ये (पाठवलेल्या दुरुस्तीत) एकच बदल असावा आणि मालिकेतल्या प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड होऊन चालला पाहिजे, असा नियम आहे. बायसेक्ट मधल्या कुठल्याही पॅचवर येऊन थांबू शकतं, म्हणून. आणि इथे इतिहास 'नीटनेटका' दिसावा म्हणून लोक तो पुसून टाकतात.

त्या बदलांची ब्रँच (कामाची वेगळी शाखा) डिलीट झाली होती, पण प्रकल्प जिथे ठेवलेला आहे ती गिटहब साइट पुल रिक्वेस्टचे मूळ कमिट 'पुल/क्रमांक/हेड' या रेफखाली, म्हणजे खुणेच्या नावाखाली, ठेवते. ते फेच करून त्यांच्यावर पुन्हा बायसेक्ट चालवलं. या वेळी हाती आला तो मोजक्या ओळींचा कमिट. त्याच्या संदेशात लिहिणाऱ्याने स्वतःच विचारलं होतं: लॅटिनखेरीज इतर लिप्यांवर याचा परिणाम होईल का? माहीतगार कुणी तपासावं.

कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. दोघांची मंजुरी होती, सगळ्या टेस्ट हिरव्या (पास) होत्या, आणि टेस्टमध्ये देवनागरीचं एक अक्षर नव्हतं. लिहिणारा सावध होता, तरी दोष त्याच्याच नावावर लागला आणि त्याची शंका तेवढी मुख्य शाखेत पोचली नाही. मला अजून तेच खुपतंय.

दुरुस्ती सोपी होती: फक्त लॅटिन अक्षरांवरचीच चिन्हं काढायची. मराठी, हिंदी आणि तमिळ शब्दांच्या टेस्ट मी वेगळ्या कमिटमध्ये दिल्या आणि स्क्वॅश करू नका अशी विनंती केली. तेवढी त्यांनी मानली. प्रकल्पाचं स्क्वॅशचं सेटिंगच बदला, या मागणीवर मात्र अजून वाद चालू आहे.