मीठ भाकरीत नाही, खर्ड्यात आहे

खानापूरकडे नाचणी आणि भात, अथणी-चिकोडीकडे जोंधळ्याची भाकरी. सोबत पिठलं, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी (कानडीत पुंडी) आणि ताक. आपल्या सीमाभागातलं हे जेवण उष्मांकांना बेताचं आहे यात शंका नाही. पण ते मिठालाही बेताचं असतं, हा समज मात्र चुकीचा आहे, आणि रक्तदाबवाल्या घरांत तो महागात पडतो.

एका मध्यम भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे सुमारे 200 उष्मांक. उकळतं पाणी घालून मळलं की पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. मिठाची गरजच नसते. मीठ येतं ते ताटाच्या डाव्या बाजूने. लोणच्याला किलोभर कैरीमागे 200 ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं, म्हणजे मोठा चमचाभर लोणच्यात दीड-दोन ग्रॅम मीठ पोटात जातं. वर खर्डा, सांडगी मिरची, मीठ घातलेलं ताक. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखारातही सोडियमच असतं. शेंगदाण्याच्या चटणीची गोष्ट वेगळी: मीठ कमी घातलं तरी 25 ग्रॅम चटणीत जवळजवळ 140 उष्मांक असतात. पाऊण भाकरीच म्हणा.

पूर्वीच्या माणसाला हे पचायचं, कारण तो दिवसभर नांगरामागे घाम गाळायचा. ताट तेच राहिलं, काम खुर्चीत आलं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. रोज चमच्याने मोजत बसू नका. मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाका. चौघांच्या घरात महिन्याला 600 ग्रॅम पुरायला हवं. किलोची पिशवी 30 दिवसांत संपली तर माणशी 8 ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात बाहेरचं फरसाण, खारी, ब्रेड धरलेलंच नाही. लोणच्या-पापडाच्या दिवसांत त्यासाठीचं मीठ वेगळं आणा, नाहीतर हिशेब चुकतो.

मीठ आणि उष्मांक हे दोन्ही एकत्र का सांभाळायचं? पोटाचा घेर वाढला की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग रक्तात इन्सुलिन जास्त राहतं. जास्तीचं इन्सुलिन मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावतं. सोडियमबरोबर पाणी थांबतं आणि दाब चढतो. म्हणून नुसतं मीठ तोडून किंवा नुसती भाकरी कमी करून अर्धंच काम होतं. रक्तदाब असलेल्यांनी रोजचं मीठ चार-साडेचार ग्रॅमने कमी केलं, तर वरचा आकडा सरासरी पाचने उतरतो.

एकदम अळणी करू नका. घरातली माणसं दोन दिवसांत बंड करतात आणि मिठाची वाटी ताटाशेजारी येते. ती वाटी आधी उचला. मग दर दोन आठवड्यांनी स्वयंपाकातलं मीठ चौथाईने उतरवा. जिभेला नव्या चवीची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आमटी-उसळीत मीठ भांडं चुलीवरून खाली घेताना घाला, जिभेला ते लवकर लागतं. आंबटपणा मिठाची उणीव भरून काढतो: आमसूल, चिंच, लिंबू, नाहीतर अंबाडीच. खर्ड्यात मिरची-लसूण तसेच ठेवून मीठ निम्मं करा, पण मग तो दोन दिवसांत संपवायचा, कारण टिकवायचं काम मीठच करत होतं. ताकात मिठाऐवजी भाजलेलं जिरं आणि कोथिंबीर. आंबिलीला माणशी दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ रात्रभर कपभर पाण्यात भिजवा, सकाळी ढवळत शिजवा, पूर्ण गार झाल्यावरच ताक घाला. गरम आंबिलीत ताक फाटतं.

सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही. त्यातही सोडियम जवळजवळ तेवढंच, आणि आयोडीन सहसा नसतं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भाकऱ्या अचानक कमी केल्या तर साखर एकदम उतरू शकते: घाम, थरथर, चक्कर. उन्हात ऊस तोडणाऱ्याला आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर हा मीठ कमी करण्याचा नियम जसाच्या तसा लावायचाच नाही.

फरक पाहायचा तर आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, मिनिटाच्या अंतराने दोनदा दाब मोजून वहीत लिहा. आकडे उतरलेले दिसले तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका; ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.