आवाज बंद, टीव्ही चालू

आमच्या शेजाऱ्यांना आम्ही घरात ‘गॅरेजकाका’ म्हणतो. सत्तरी ओलांडलीय. फुटबॉलचा हंगाम लागला की दर शनिवारी त्यांच्या गॅरेजचं शटर वर जातं, घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि मोठ्या पातेल्यात शेंगा शिजायला पडतात. हो, उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यात, टरफलासकट. इथे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅलाहासीत त्या रस्त्याकडेलाही विकायला असतात. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी भर उन्हात गाडी थांबवून दोन पिशव्या घेतल्या होत्या.

पण सांगायचंय ते त्यांच्या टीव्हीबद्दल. तो चालू असतो, पण मुका. बाजूला जुना रेडिओ, त्यावर विद्यापीठाच्या संघाचं स्वतःचं समालोचन. पहिल्या वर्षी वाटलं, टीव्हीचा स्पीकर गेलाय. नवऱ्याने चांगुलपणाने विचारलं, बघू का उघडून? काका म्हणाले, “बिघाड टीव्हीत नाही, बोलणाऱ्यांत आहे.”

इथला फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा, हेल्मेटवाला. आणि इथलं दैवत म्हणजे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ. दोन लाखांच्या आसपास वस्तीचं गाव, पण सामन्याला पासष्ट हजारांहून जास्त माणसं बसतील एवढं मैदान. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत वाढले, त्यामुळे हे वेड मला नवं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कुठल्या पेठेचा फोटो मोठा आलाय, यावरून कट्ट्यावर कसे आवाज चढतात तेही माहीत आहे. पण इथलं दुखणं फोटोच्या आकाराच्या फार पलीकडचं निघालं.

२०२३ साली हा संघ एकही सामना हरला नाही. नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस पाय मोडून बाहेर गेला, तरी पुढचे सामने जिंकले. २ डिसेंबरला लुईव्हिलला १६-६ असं हरवून आपल्या गटाचं विजेतेपद घेतलं (विद्यापीठांचे संघ इथे अशा गटांत वाटलेले असतात). तेरापैकी तेरा! तेव्हा राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत चारच संघ घ्यायचे आणि ते एक तेराजणांची समिती निवडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ईएसपीएन या खेळांच्या चॅनेलवर यादी जाहीर झाली. एक सामना हरलेला अलाबामा आत, फ्लोरिडा स्टेट बाहेर. चार संघांच्या या पद्धतीत मोठ्या गटाचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ. समितीचं कारण असं की, क्वार्टरबॅक नसताना हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही.

गॅरेजमध्ये त्या दिवशी कुणी शेंगेला हात लावला नाही.

त्यानंतर काकांनी मला जे समजावलं ते खेळाचं नव्हतंच, जमाखर्चाचं होतं. अलाबामा ज्या एसईसी गटात आहे, त्या गटाचं चॅनेल २०१४ पासून ईएसपीएनच चालवतं. त्या गटाच्या सामन्यांचे उरलेसुरले मोठे हक्कही २०२४ पासून त्यांच्याकडे जाणार, हा करार २०२० मध्येच झाला होता. बाद फेरी दाखवणारेही तेच. आणि यादी यायच्या आधीच्या आठवड्यांत ‘हा संघ कमजोर झालाय’ अशी चर्चा करणारे तज्ज्ञही त्यांच्याच टेबलावर. “मुलीकडचा, मुलाकडचा आणि मधला, तिघं एकच असले तर?” असं मी म्हटलं. मध्यस्थाने जुळवलेली लग्नं म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली, पण नंतर काका खूश झाले.

आता माझं मत. चॅनेलने समितीला काही सांगितलं, याचा पुरावा मी तरी पाहिलेला नाही. आणि काका एक गोष्ट सोयीने विसरतात. फ्लोरिडा स्टेटचा एसीसी गटसुद्धा ईएसपीएनशीच बांधलेला आहे. फक्त तिथे पैसा कमी. त्यातून पुढे ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जिया विद्यापीठाने या संघाला ६३-३ असं धुतलं. कितीतरी मोठे खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते, हे खरं; पण स्कोअर तो स्कोअर. हे मी एकदा गॅरेजमध्ये बोलून पाहिलं. तीन आठवडे शेंगा आल्या नाहीत.

तरीही त्यांचा संशय मला वेडगळ वाटत नाही. दुकानदारानेच तराजू धरला आणि बाजारभावही त्यानेच छापला, तर माप बरोबर असूनही गिऱ्हाईक काट्याकडे बघतच राहणार.

मग टीव्ही लावतातच कशाला? हे मी विचारलं होतं. त्याच्यामागेही हिशेबच. विद्यापीठाने त्याच डिसेंबरात आपल्या गटावर दावा लावला. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली आणि ठरलं की टीव्हीच्या पैशांचा मोठा वाटा यापुढे कुणाचे सामने किती लोक बघतात त्यावर वाटायचा. म्हणजे टीव्ही बंद केला तर नुकसान आपल्याच संघाचं! त्यांच्या घरचा टीव्ही त्या मोजणीत धरतात की नाही, देव जाणे. पण काकांनी तोडगा काढलाय: डोळे त्यांना द्यायचे, कान नाही.

३० ऑगस्ट २०२५ ला हंगामाचा पहिलाच सामना, घरच्या मैदानावर, आणि समोर तोच अलाबामा. दाखवणार एबीसी, म्हणजे ईएसपीएनचंच भावंड. आदल्या वर्षी आमचा संघ बारात दोन जिंकून बसला होता (‘आमचा’ कधी झाला कोण जाणे), त्यामुळे कुणी फार आशेवर नव्हतं. गॅरेजमध्ये दोन पंखे, तरी घामाच्या धारा. मी शेंगदाण्याची सुकी चटणी नेली होती. काकांनी ती उकडलेल्या शेंगांवर भुरभुरली आणि शेंगांवर शेंगा खात बसले.

आमचं घर मैदानापासून दोन-अडीच किलोमीटरवर. वारा इकडचा असला की आधी झाडांवरून गलका येतो. मागून रेडिओवाला ओरडतो. टीव्ही बिचारा इंटरनेटवरचा, अर्धा मिनिट मागे. शेवटी ३१-१७ ने जिंकले तेव्हा लोक मैदानात घुसल्याचं रेडिओ सांगत होता, काका खुर्चीवरून उठून बायकोला मिठी मारत होते, माझी चटणी जमिनीवर सांडली होती, आणि मुक्या पडद्यावर अजून घड्याळात काही सेकंद बाकी होते.